शीत-हुमण (भात नि माशांची आमटी) न सोडता वजन कमी करायचं तर

ताई, पहिल्या आठवड्यांत काटा भराभर खाली येतो ना, त्यावर भुलू नका, त्यात बरंचसं पाणीच असतं. शीत-हुमण बंद करायची गरज नाही, उकड्या तांदळाचं शीत अर्धं करा नि बांगडा एकाऐवजी दोन घ्या, पण रव्यात घोळवून तळलेला नको हं. चाळिशीनंतर स्नायू तसेही कमी होत जातात, नुसतं उपाशी राहिलं की आणखी जातात, म्हणून मिरामारच्या किनाऱ्यावर चालणं छानच पण आठवड्यातून दोनदा तरी डंबेल उचलाच. शुगरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. खरी कसोटी वजन उतरल्यावर, भूक वाढते, शरीर कमी कॅलरी जाळतं, तेव्हा डायट संपलं म्हणून सुटू नका. गणेश चवथीला नेवऱ्या (करंज्या) खा की, डबा भरून मात्र घरी आणू नका.