स्वस्त जमिनीचा इसार देण्याआधी

दादा, सौर प्रकल्पासाठी बघितलेल्या जमिनीचा एकरी भाव कमी आहे म्हणून लगेच इसार देऊ नका. १ मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला साधारण ४-५ एकर लागतात. जमिनीत वाचलेला पैसा दुसरीकडे सहज जातो. सध्या एवढंच बघा:

- सबस्टेशन (वीज उपकेंद्र, जिथे तुमची वीज जोडायची) किती लांब? हे सगळ्यात आधी. तारा, खांब, वाटेतल्या शेतकऱ्यांची संमती, सगळं अंतराबरोबर वाढतं. शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतही सबस्टेशनजवळचीच जमीन घेतात, ते उगाच नाही. सबस्टेशनमध्ये तुमची वीज घ्यायची क्षमता शिल्लक आहे का, हे महावितरणकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.
- माती. मुरमाड माळ उत्तम. काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते. अशा जागी पॅनेलचे खांब कललेले मी पाहिलेत. पाया खोल घ्यावा लागतो.
- पावसाळ्यात ट्रक आत जाईल ना?

बहुतेक नवखे फक्त ऊन बघतात. धुळे-सोलापूर पट्ट्यात ते भरपूर आहेच, साक्रीला १२५ मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. तुमचा विचार चांगला आहे, सोडू नका. सबस्टेशनचं अंतर मोजून कळवा; इन्व्हर्टरचं नंतर बोलू.