सहाही भोकं बंद करूनही बासरीचा खालचा पंचम का फुटतो?

बहुतेक वेळा हवा बोटाखालून गळते. वरून एकेक भोक बंद करत हलकी फुंक मारा: ग, रे, सा, नि, ध, प. ज्या सुरावर शिट्टी वाजते, त्याच बोटात दोष. लांब बासरीवर तो बहुधा खालच्या हाताच्या अनामिकेचा असतो, कारण ती ताणून टोकावर येते. टोक नको, पेराचा सपाट भाग ठेवा. बोट उचलून वळ पाहा: पूर्ण गोल हवा, अर्धचंद्र दिसला की सरकवा. जोर लावू नका, बोट ताठरतं आणि कड उचलते.

भोक कानशीने मोठं तर मुळीच करू नका, सूर चढेल.

वळ गोल असूनही गळतंय? मग बांबूची चीर शोधा. मुंबईच्या पावसाळी दमटपणातून थेट एसीत नेलेली बासरी तडकते.