लिक्विड ऑक्सिजनच्या टाकीवर नवीन लागलेल्या पोराला

अरे, व्हेपोरायझरच्या, म्हणजे द्रवाचा वायू करणाऱ्या नळ्यांच्या, पंखांवर पांढरा बर्फ दिसला की घाबरू नकोस, आत उणे १८३ अंशांचा द्रव आहे. नाशिकच्या पावसाळी हवेत तो जाडच साचतो. पण बर्फ पुढच्या पाइपवर सरकायला लागला, तर लगेच वरिष्ठांना उठव, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

दोन व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव कधीच कोंडू नकोस. एका लिटरचा साधारण ८६० लिटर वायू होतो, पाइप फाटतो. ग्रीसचा हात तर लांबच ठेव. हातमोजे सैलच घाल, झटकन काढता येतात.

टँकरमधून भरताना जागचा हलू नकोस, चहा नंतर. २१ एप्रिल २०२१ ला आपल्याच शहरात रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीतून गळती झाली, दाब घसरला आणि वीसहून जास्त रुग्ण गेले.