रजिस्ट्री अडली, तरी दलाली द्यायची का?

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. मिस्टर गेल्यापासून दोन मजली घर सांभाळणं मला होत नाही, म्हणून मी आणि मुलाने ते विकायचं ठरवलं. ओळखीतल्या एका दलालाने ग्राहक आणला. 84 लाखांवर बोलणं झालं, सौदा चिठ्ठी, म्हणजे विक्रीचा करार, झाली. ग्राहकाने दीड लाखाचा चेक माझ्या नावाने दिला आणि 51 हजार रोख टोकन दलालाच्या हातात दिलं, ते अजून त्यांच्याकडेच आहे. मग ग्राहकाच्या बँकेच्या वकिलाने कर्ज अडवलं. घर अजून मिस्टरांच्याच नावावर आहे, नामांतरण झालेलं नाही आणि पुण्याला दिलेल्या माझ्या मुलीची कुठेच सही नाही. मुलीबद्दल मी दलालाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, 'काकू, ते सगळं होऊन जाईल.' आता ग्राहक पैसे परत मागतो. दलाल म्हणतात, सौदा मी करून दिला, दोन टक्क्यांचे 1 लाख 68 हजार काढा, नाहीतर मूळ रजिस्ट्री मिळणार नाही. कागद मीच त्यांना ग्राहकाला दाखवायला दिले होते. रात्र रात्र डोळा लागत नाही. हे पैसे मला द्यावे लागतील का?

उत्तर : काकू, आजच्या घडीला तुम्ही हे पैसे देणं लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तुमची रजिस्ट्री दाबून बसायचा त्यांना अधिकार नाही. आता का, ते नीट वाचा, कारण उद्या ते समोर बसून बोलतील तेव्हा तुमच्याकडे उत्तर हवं.

तुम्ही सौदा चिठ्ठीचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. कोर्टाच्या आसपास मिळतो तोच छापील फॉर्म आहे. नावं, पत्ता, रक्कम हाताने भरलेली. शेवटी वेगळ्या शाईत एक ओळ : 'दलाली 2 टक्के विक्रेता देईल.' कधी देईल, ते नाही. सौदा मोडला तर काय, तेही नाही. दलालाची सही साक्षीदाराच्या जागी आहे, म्हणजे त्या कराराचे पक्षकार तुम्ही आणि ग्राहक, ते नव्हेत. त्यांच्याशी तुमचा जो काही करार आहे, तो या एका ओळीपुरता आणि तोंडी बोलण्यापुरता.

अशा वेळी भारतीय करार कायदा, 1872 कामाला येतो. त्याचं कलम 219 सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ज्या कामासाठी एजंट नेमला ते काम पूर्ण होईपर्यंत त्याचा मोबदला देय होत नाही. तुम्ही त्यांना घर विकून देण्यासाठी नेमलं होतं. घर विकलं जातं ते रजिस्ट्री झाल्यावर. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 54 तर सरळ म्हणतं की नुसत्या विक्रीच्या करारातून ग्राहकाला त्या घरात कसलाही हक्क मिळत नाही. मग सौदा चिठ्ठीलाच काम पुरं झालं असं कसं म्हणायचं?

त्यांचा वकील कलम 219 चाच पुढचा भाग दाखवेल. विक्री अपुरी असली तरी एजंट हाती आलेले पैसे राखून ठेवू शकतो, असं तिथे लिहिलं आहे खरं. पण ते विकायला दिलेल्या मालाबद्दल आहे. घर म्हणजे माल नव्हे.

आता त्यांची बाजूही सांगते. ते म्हणतील, माझं काम ग्राहक आणायचं, तो मी आणला, दोष तुमच्या कागदात निघाला. हे अगदी पोकळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1950 मध्ये अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसन मित्तर या खटल्यात दलालाच्या बाजूने निकाल दिलेला आहे. घर कलकत्त्याचं, अमरतल्ला स्ट्रीटवरचं. दलालाने ठरल्या अटींवर घ्यायला तयार असलेले ग्राहक आणले. मालकाने त्याचा अधिकार काढून घेतला आणि नंतर त्याच ग्राहकांच्या माणसाला कमी भावात घर विकलं. कोर्ट म्हणालं, दलालाने आपलं काम केलेलं आहे, त्याचं कमिशन द्या. योग्यच झालं. दलालाला बाजूला सारून त्याच्याच ग्राहकाशी परस्पर व्यवहार उरकायचा, हा प्रकार आपल्या इंदुरातही चालतो आणि मला त्याचा मनापासून राग येतो. उन्हातान्हात घर दाखवत हिंडणाऱ्या माणसाचा तो घामाचा पैसा असतो.

पण तुम्ही तसं काही केलेलं नाही. तुम्ही सौदा मोडलेला नाही, दुसऱ्याला घर दिलेलं नाही आणि मुलीची गोष्ट लपवलेली नाही. मुलीची सही लागणार हे दलालाला ठाऊक असून त्यांनी ते किरकोळ मानलं. पहिल्या दिवसाचं बोलणं व्हॉट्सअपवर असेल तर ते अजिबात पुसू नका. फोन बदलणार असाल तर आधी मुलाकडून त्याची प्रत काढून ठेवा. एक मात्र लक्षात असू द्या : उद्या कागद सरळ झाले आणि याच ग्राहकाला घर गेलं, तर दोन टक्के पूर्ण द्या. तेव्हा घासाघीस करू नका.

आता मूळ रजिस्ट्री. करार कायद्याचं कलम 221 एजंटला मालकाचे कागद अडवून ठेवायचा हक्क देतं हे खरं, पण देय झालेल्या मोबदल्यासाठी. दलालीच अजून देय नाही, तर अडवायचं कशासाठी? नवऱ्याच्या पश्चात एकटीने घर चालवणाऱ्या बाईचे कागद दाबायचे आणि ती घाबरून पैसे देईल म्हणून वाट बघायची, ही वसुली झाली. काकू, या दबावाखाली एक रुपयाही देऊ नका. एकदा दिलात, की तो दलाली मान्य केल्याचा पुरावा होऊन बसतो.

दलालाला साध्या मराठी-हिंदीत पत्र लिहा : अमुक तारखेला हे हे कागद तुम्हाला केवळ दाखवण्यासाठी दिले होते, पंधरा दिवसांत परत करा. कागदांची यादी लिहा, स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. त्याचबरोबर उपपंजीयक कार्यालयात जुन्या रजिस्ट्रीच्या सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करून टाका. ती हाती असली की पुढची कामं अडत नाहीत आणि त्यांच्या धमकीतली अर्धी हवा जाते. शेजारी कुणीतरी सुचवेलच की पोलिसात 'कागद हरवले' अशी तक्रार द्या. मुळीच देऊ नका. कागद कुठे आहेत हे तुम्हाला माहीत आहे, खोटी तक्रार तुमच्याच अंगाशी येईल.

ग्राहकाचे पैसे परत करावेत असं मी सांगेन. अडचण तुमच्या बाजूच्या कागदाची होती. तो स्वतःहून मागे हटला असता तर बयाणा (आगाऊ दिलेली रक्कम) जप्त करायची गोष्ट वेगळी. तुमचे दीड लाख चेकनेच परत करा आणि 'हिशोब पूर्ण' असं त्याच्याकडून लिहून घ्या. दलालाकडचे 51 हजार दलालाने द्यायचे. तसं पत्र ग्राहकाला आणि दलालाला दोघांनाही पाठवा, म्हणजे ते ओझं तुमच्या डोक्यावर येणार नाही. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीत घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे. डायरीच्या पानावर लाखांचे सौदे करायची सवय इंदुरात इतकी मुरली आहे, की हे सांगितलं तरी लोक हसतात. तुम्ही पुढच्या वेळी ठामपणे चेक मागा.

दलाल कागद देईनातच, तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज करा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. खटला भरण्याआधीच लोक अदालतीत समेट होऊ शकतो आणि तिथला निवाडा पक्का असतो, त्यावर अपील नाही. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. रेरात, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणात, जा असंही कुणी म्हणेल, पण एजंटांच्या नोंदणीचा तो 2016 चा कायदा बिल्डरांच्या नव्या प्रकल्पांसाठी आहे. तुमच्या जुन्या घराच्या विक्रीत त्याचा उपयोग नाही.

आणि मूळ दुखणं बरं केल्याशिवाय दुसरा ग्राहक आणू नका. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तुम्ही, मुलगा आणि मुलगी तिघांचा सारखा वाटा आहे. सासूबाई हयात असतील तर त्यांचाही. महापालिकेत नामांतरण करून घ्या. लेकीला वाटा हवा असेल तर ती विक्रीवर सही करेल, नको असेल तर नोंदणीकृत हक्कत्याग करून देईल. येणं जमत नसेल तर पुण्यातल्याच निबंधकासमोर भावाच्या नावे मुखत्यारपत्र करता येतं. काय करायचं ते तिला मोकळेपणाने विचारा. दलालाने घाई केली म्हणून तिच्याकडून कुठल्याही कागदावर सही घेऊ नका, तिचा तो हक्क आहे.

नव्या दलालाला कागद देण्याआधी अर्ध्या पानावर लिहून घ्या की दलाली रजिस्ट्रीच्या दिवशी, रजिस्ट्री झाल्यावरच मिळेल. सौदा न झाल्यास काही नाही. टोकन थेट मालकाच्या खात्यात. आणि दलालाला फक्त झेरॉक्स. चांगला दलाल यावर बिनतक्रार सही करतो.

प्रश्न : आम्ही सुदामा नगरात घर घेतलं. दलालाने आमच्याकडून एक टक्का घेतला, मालकाकडूनही घेतला असं आता कळलं. शिवाय साध्या कागदाच्या पावतीवर 18 टक्के जीएसटी लावला. हे चालतं का?

उत्तर : दोन्हीकडून दलाली घेणं हा इथला रिवाज आहे आणि दोघांनाही माहीत असेल तर त्यात बेकायदा काही नाही. लपवून घेतली असेल, तर तुम्ही त्यांच्याकडे हिशोब मागू शकता. जीएसटी मात्र नोंदणी असलेल्यालाच आकारता येतो. पावतीवर 15 अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर आहे का पाहा आणि जीएसटीच्या पोर्टलवर तो घालून बघा, नाव लगेच दिसतं. नंबरच नसेल तर ती 18 टक्क्यांची रक्कम लेखी पत्र देऊन परत मागा.