पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या पायात काय?

प्रश्न : यंदा आमच्या गावच्या जत्रेला ऐतिहासिक नाटक आहे. काळ १७३९ चा, मराठ्यांची फौज साष्टीत शिरली तेव्हाचा. मी पोर्तुगीज अधिकारी करतोय. ड्रेपरीवाला लांब कोट, वेस्टकोट आणि गुडघ्यापर्यंतची विजार देणार, बाकीचं आमचं आम्ही बघायचं. घरात आजोबांचं साखळीचं घड्याळ आणि काळी उंच हॅट आहे. चालेल का?
– एक हौशी नट, फोंडा

उत्तर : दोन्ही घरीच राहू द्या. उंच हॅट आली अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी, आणि वेस्टकोटावर लोंबणारी साखळी त्याच्याही नंतरची. १७३९ साली घड्याळ असलंच, तर ते विजारीच्या कमरेपाशी छोट्या खिशात असायचं.

सुरुवात पायांपासून करा. जत्रेत रंगमंचापुढे पोरं खालीच बसतात, त्यांच्या डोळ्यांसमोर नटाचे जोडेच येतात. त्या काळी सभ्य पुरुषाच्या जोड्याला नाड्या नसत, बक्कल असे. साध्या काळ्या बुटाच्या नाड्या काढा, वर चामड्याची रुंद जीभ शिवून घ्या आणि तिच्यावर चौकोनी पितळी बक्कल लावा. मी ही बक्कलं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या पट्ट्यांवरून शोधून आणते. मोज्यांसाठी फुटबॉलचे पांढरे लांब मोजे घ्या, पट्टे किंवा नाव नसलेले. ते गुडघ्याखाली रेशमी फितीने बांधा, इलॅस्टिक दिसता कामा नये.

गळ्यात टाय नको. मलमलीची पांढरी पट्टी दोनदा गुंडाळा, छातीवर आणि मनगटाशी लेस सोडा. घरात मावशीने विणलेली क्रोशाची लेस असेल. ती त्या काळची नव्हे, पण बारीक विणीची असेल तर खुशाल लावा, मंचावर शोभते.

टोप पांढरा, मागे केस काळ्या रेशमी थैलीत बांधलेले. मऊ फेल्टच्या हॅटची कड किटलीच्या वाफेवर धरा, तिन्ही बाजूंनी वर वळवून टाके घाला. दरबाराच्या प्रवेशात ती डोक्यावर नको, काखेत धरा. तलवार सरळ आणि बारीक हवी. ड्रेपरीतली वाकडी तलवार मराठा सरदारालाच द्या.

आणि मिशी काढा. मनाला लागेल, ठाऊक आहे मला. पण तेव्हाचे युरोपीय प्रतिष्ठित पुरुष मिशी ठेवत नसत. समोर मिशाळ मराठा सरदार उभा राहिला, की तोंड उघडण्याआधीच दोघांतला फरक कळतो.

एकदा जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा. तिथे व्हाइसरॉयांची तैलचित्रं आहेत. (तुमच्या नाटकाच्या वर्षी व्हाइसरॉय होता कोंद द सांदोमिल.) चेहरे राहू द्या, बाह्या आणि हात बघा, वहीत काढून घ्या.

घरातली एक वस्तू मात्र जरूर घ्या : तपकिरीची चांदीची डबी. आजीची चुन्याची असली तरी चालेल. एका हाताने झाकण उघडून चिमूट घ्यायचा रोज सराव करा, आणि प्रवेशाआधी बिजागरीला खोबरेल तेलाचा थेंब सोडा.