आधी तिचं सांगून होऊ द्या

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. मेडिकल कॉलेजचे इंटर्न आमच्याकडे पोस्टिंगला येतात. राउंडला केस सांगताना फार लांबण लावतात. मागच्या आठवड्यात एका मुलीला मी सगळ्यांसमोर ‘मुद्द्याचं बोल’ म्हणालो. तेव्हापासून ती केसपेपर नुसता वाचून दाखवते. चूक सांगायलाच हवी, पण कशी?
— एक वैद्यकीय अधिकारी, जि. यवतमाळ

उत्तर : डॉक्टर, तुमची घाई मला कळते. ओपीडीची रांग फाटकापर्यंत गेलेली असते. मी तीस वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात शिकवलं आणि हीच चूक केली.

सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. आठ दिवसांच्या तापाची एक बाई भरती झाली होती. इंटर्न मुलगा सांगत होता : शेत, धुऱ्यावरचं गवत, कणकण कधी आली. मी तोडलं. ‘मलेरिया?’ निगेटिव्ह. ‘डेंग्यू?’ निगेटिव्ह. मी पुढच्या खाटेवर गेलो. संध्याकाळी सिस्टरनी तिच्या काखेतली काळी, न दुखणारी खपली दाखवली. गवतातल्या चिगर किड्याच्या चाव्याची खूण : स्क्रब टायफस. त्या तापावरचं औषध, डॉक्सिसायक्लिन, सकाळीच सुरू व्हायला हवं होतं. मुलाच्या वहीत ती खपली शेवटच्या ओळीत लिहिलेली होती. सांगितलं का नाहीस, विचारलं तर म्हणाला, ‘सर, तुम्ही पुढे गेलात.’ बाई बरी झाली. ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेलं नाही.

तेव्हापासून पहिली तीन मिनिटं मी बोलत नाही. मग विचारतो, ‘तुला काय वाटतं?’ आणि लगेच, ‘कशावरून?’ अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये ‘एका मिनिटाचा शिक्षक’ म्हणून जी पद्धत मांडली, तिची सुरुवात याच दोन प्रश्नांनी होते. पुढे त्या केसमधून एक नियम शिकवायचा, बरोबर काय केलं ते सांगायचं, चुकलेलं दुरुस्त करायचं.

नुसत्या ‘छान’ने भागत नाही. ‘ती गवतात बसायची हे तू विचारलंस, म्हणून निदान सापडलं’ असं सांगा. तसंच ‘तू विस्कळीत बोलतेस’ हे ऐकून ती मुलगी काय सुधारणार? ‘ताप किती दिवसांचा, हे फार उशिरा आलं, उद्या पहिल्याच वाक्यात वय, गाव, तक्रार आणि दिवस सांग’ म्हणा. एका दिवशी एकच दुरुस्ती. औषधाचा डोस चुकत असेल तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. त्यात मुलाचं मन बघायचं नसतं.

आणखी एक, माझ्या फार जिव्हाळ्याचं. म्हातारी सांगते, ‘आंगात कणकण रायते, डोकं लय ठणकते जी’, आणि आपली पोरं त्याचं इंग्रजी करून मोकळी होतात. तक्रार आधी तिच्याच शब्दांत सांगायला लावा. खाटेवरून ती ऐकत असते. काही राहिलं असेल तर स्वतःच भर घालते. आपण इंटर्नला रागावतो तेही ती ऐकते, आणि दुपारी त्याच मुलीकडून तिला सलाईन लावून घ्यायचं असतं. म्हणून चुकांचं बोलणं ड्यूटी रूममध्ये, त्याच दिवशी.

त्या मुलीला उद्या राउंडआधी बाजूला बोलवा. ‘बेटा, मी सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं’ एवढं म्हणा. मग एक केस तिला केसपेपर मिटून सांगू द्या, आणि तिचं संपेपर्यंत मध्ये बोलू नका.