‘प्रेम करू लागते’ की ‘लळा लागतो’? स्टॉकहोम सिंड्रोमचं मराठी

प्रश्न नाशिकहून आला आहे. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत आणि पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर वाटायला एक चौपानी पत्रक तयार होतंय. विषय घरातला छळ. मूळ मजकूर इंग्रजी, आणि त्यातल्या एका वाक्याचा मराठी खर्डा असा: ‘दीर्घकाळ अत्याचार सहन करणारी पीडिता अत्याचाऱ्यावर प्रेम करू लागते, यास स्टॉकहोम संलक्षण असे म्हणतात.’ विचारलंय ते असं: स्टॉकहोम सिंड्रोमला रुळलेला मराठी शब्द आहे का? ‘ट्रॉमा बाँडिंग’ म्हणजे तेच का? आणि हे वाक्य पाड्यावरच्या बाईला कळेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही कळणार, आणि कळलंच तर भलतंच कळेल. ‘संलक्षण’ हा शब्द जड आहे खरा, पण घोटाळा त्याने होत नाही. तिथे अडखळून वाचणारी पुढे जाईल. घोटाळा आहे ‘प्रेम करू लागते’ या क्रियापदात.

मराठीत प्रेम ‘करतात’. करणारी ती, म्हणजे जबाबदारीही तिची. पण माया, लळा, ओढ, सवय, वेड, नाद यांतलं काहीच कुणी करत नाही, ते ‘लागतं’. ‘तिला लळा लागला’ या वाक्यात ती कर्ता नाही. ‘तिला’ म्हटलं की जे झालं ते तिच्या बाबतीत झालं, तिने ठरवून केलं नाही, हे व्याकरणच सांगून टाकतं. शिवाय याच क्रियापदाचं प्रयोजक रूप आपल्याकडे तयार आहे: लळा लागतो आणि लळा ‘लावतात’. म्हणजे लावणारा कुणीतरी आहे, हेही सांगता येतं. आणखी एक गंमत, खरं तर गंमत म्हणवत नाही: मारही ‘लागतो’ आणि मायाही ‘लागते’. ज्या भाषेत दोन्हींना एकच क्रियापद आहे, तिने ‘प्रेम करू लागते’ असं लिहून सगळं बाईच्या माथी मारायची गरज नाही.

आता स्टॉकहोमचं. नाव पडलं ते एका बँकेवरच्या दरोड्यावरून. २३ ऑगस्ट १९७३ रोजी स्टॉकहोमच्या नॉर्मल्मस्टॉर्ग चौकातल्या क्रेडिटबँकेत यान-एरिक ऊल्सॉन हा बंदूक घेऊन शिरला. त्याने तीन बायका आणि एक पुरुष अशा चार कर्मचाऱ्यांना धरून ठेवलं, तीस लाख क्रोनर मागितले आणि तुरुंगातला आपला ओळखीचा कैदी क्लार्क ऊलोफसॉन आणून द्या म्हणाला. सरकारने तो आणून दिलासुद्धा. सहाव्या दिवशी, २८ ऑगस्टला, पोलिसांनी तिजोरीघराच्या छतात पाडलेल्या भोकांतून अश्रुधूर सोडला आणि प्रकरण संपलं. बाहेर पडताना ओलिसांनी आधी जायला नकार दिला. आपण आधी गेलो तर पोलीस या दोघांना गोळ्या घालतील, अशी त्यांना भीती होती.

त्या सहा दिवसांतले दोन प्रसंग नीट पाहण्यासारखे आहेत. एका बाईला बंद जागेत कोंडल्यासारखं होत होतं, तेव्हा ऊल्सॉनने तिला तिजोरीघराबाहेर फिरू दिलं, पण गळ्यात सुमारे तीस फुटांचा दोर बांधून. तो किती चांगला वागला, असं तिला तेव्हा वाटलं. ओलीस पुरुषाला ऊल्सॉन म्हणाला की पोलिसांना हिसका दाखवायला मी तुझ्या फक्त पायात गोळी मारीन. ‘फक्त पायात’ म्हणाला, केवढा भला माणूस, असं त्यालाही वाटून गेलं. दोर आणि पाय या दोन्हींत एकच यंत्रणा आहे. जो जीव घेऊ शकतो त्याने तो घेतला नाही, तर ती कृपा वाटते. मोजमापाची पट्टीच आखूड होते, म्हणून इंचभर चांगुलपणा हातभर दिसतो.

नाव मात्र कुणी दिलं, तेही बघा. निल्स बेयेरूट हे मानसोपचारतज्ज्ञ त्या प्रकरणात पोलिसांचे सल्लागार होते. त्यांनी याला ‘नॉर्मल्मस्टॉर्ग सिंड्रोम’ म्हटलं आणि परदेशात त्याचं ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ झालं. ओलिसांपैकी क्रिस्टिन एनमार्क हिने आतून थेट पंतप्रधान ऊलोफ पाल्मे यांना फोन लावून पोलिसांच्या हाताळणीबद्दल तक्रार केली होती. आत बसलेल्या माणसाला दरोडेखोराच्या बंदुकीइतकीच बाहेरच्या धडक कारवाईचीही भीती वाटावी, यात आजार कुठला? तिची तक्रार ज्यांच्या सल्ल्याविरुद्ध होती, त्यांनीच तिच्याशी न बोलता तिच्या वागण्याला आजाराचं नाव दिलं. मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात हे निदान कधीच आलेलं नाही. म्हणून ‘संलक्षण’, ‘लक्षणसमूह’, ‘विकार’ यांतलं काही जोडायची घाई नको. वृत्तपत्री लेखात ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ असंच लिहावं, ते बँकेतल्या घटनेचं विशेषनाम म्हणून ठीक आहे. पत्रकातून ते सरळ काढून टाका. सुरगाण्याच्या बाईला स्वीडनशी काय करायचंय?

जाता जाता ‘ओलीस’ या शब्दाविषयी. वाहिन्यांवर हल्ली हिंदीच्या वाऱ्याने ‘बंधक’ ऐकू येतं. आपल्याकडे ओलीस आहे, तोच वापरावा. पण त्याचा जुना अर्थ दरोड्यातला नव्हता, तहातला होता. १६६५ साली पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजे मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस राहिले, ते करार पाळला जाईल याची हमी म्हणून. घरातल्या छळाला ‘ओलीस’ म्हणायचा मोह होतो, आणि ‘मुलांना ओलीस धरून तो तिला थांबवतो’ अशा वाक्यात तो चपखलही बसतो. नुसतं ‘ती ओलीस आहे’ लिहिलं तर मात्र अपहरणाची बातमी वाटते.

ट्रॉमा बाँडिंग वेगळं. ही संज्ञा डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली मांडली, ती मार खाणाऱ्या बायकांच्या संदर्भातच. म्हणजे पत्रकाला जवळची हीच. त्यांच्या मते दोन गोष्टी जमून आल्या की असा बंध तयार होतो. पहिली, दोघांतल्या ताकदीत मोठी तफावत: पैसा, घर, मुलं, अंगबळ सगळं एकाच्या हातात. दुसरी, वागणुकीचा लपंडाव: छळ अधूनमधून, आणि चांगलं वागणंही अधूनमधून.

दुसऱ्या गोष्टीत खरी मेख आहे. रोज मारणाऱ्याचा लळा लागत नाही. त्याच्याबद्दल नुसती भीती आणि चीड साठते. रोज चांगलं वागणाऱ्याची ओढ वाटते, पण ती तुटलीच तर हळूहळू विरते. कधी काय मिळेल याचा नेमच नसेल, तर मन चिकटून राहतं. मटक्याचं घ्या. आकडा रोज लागला असता तर नोकरी झाली असती, कधीच लागला नसता तर माणूस आठवड्यात सोडून देता. तो कधीतरी लागतो म्हणून सुटत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही हेच दिसतं: बेभरवशाने मिळणाऱ्या दाण्यासाठी लागलेली सवय नियमित दाण्याच्या सवयीपेक्षा कितीतरी उशिरा मोडते. त्यात मार खाल्ल्यावर माणूस आधार शोधतो. आधार द्यायला माहेर नाही, शेजार नाही, फोन काढून घेतलेला. मग ज्याने दुखवलं तोच हळद लावायला जवळ उरतो, आणि सुटकेचा निःश्वासही त्याच्याच नावावर जमा होतो.

डटन-पेंटर यांनी या बंधाला रबराची उपमा दिली आहे. बाई निघून जाते तेव्हा रबर ताणलं जातं. मारातली भीती दिवसांगणिक ओसरते, ताण तेवढा उरतो, आणि एक दिवस रबर तिला मागे खेचतं. त्यांनी १९९३ साली, जोडीदाराला सोडून आलेल्या ७५ बायकांच्या अभ्यासात, सहा महिन्यांनी ही ओढ किती उतरते ते पाहिलं. ती उतरली, पण साधारण २७ टक्क्यांनीच. पत्रकाला कामाची गोष्ट ही आहे. ‘एवढं झालं तरी परत गेली’ असं म्हणणाऱ्या भावाला आणि समुपदेशकाला दोघांनाही हा आकडा माहीत हवा. परत जाणं म्हणजे मार खोटा होता असं नव्हे.

समाजमाध्यमांवर या संज्ञेचा हल्ली एक भलता अर्थ फिरतोय. ‘आमचं दोघींचं ट्रॉमा बाँडिंग झालं’, म्हणजे दोघींनी सारखंच सोसलं आणि त्यातून मैत्री जमली. तो अर्थ चूक आहे. त्याला मराठीत समदुःखी असा सुंदर शब्द आहे. आणि ‘इतकी महागाई, तरी लोक त्यालाच मत देतात, हा स्टॉकहोम सिंड्रोम’ ही अग्रलेखी कोपरखळी. मतदार कोंडलेला नसतो, तेव्हा ती टाळ्यांपुरतीच ठेवावी.

मग मराठी शब्द कोणता? ‘आघातबंध’ हा अभ्यासकांच्या लेखात चालेल. ‘आघातजन्य बांधिलकी’ कुठे दिसलं तर लगेच खोडा: बांधिलकी ही आपण होऊन पत्करायची असते, सामाजिक बांधिलकीसारखी. जाणकारांसाठी ‘आघातबंध’ आणि बोलण्यात ‘धाकातला लळा’, अशी विभागणी सुचवतो. ‘भीती’ऐवजी ‘धाक’ मुद्दाम निवडला. भीती सापाचीही वाटते, धाक मात्र ज्याचा आपल्यावर अधिकार आहे त्याचाच असतो. डटन-पेंटर यांची पहिली अट, ताकदीची तफावत, त्या एका शब्दात आली.

याच्या शेजारचा आणखी एक शब्द हाताशी ठेवावा: मिंधा. उपकाराखाली दबून तोंड उघडता न येणारा तो मिंधा. मालकाकडून उचल घेतलेला सालगडी मालकाची शिवी का गिळतो, आजारपणात मालकाने दवाखान्यात नेलं त्याचीच आठवण का सांगत बसतो, हे ‘मिंधेपणा’त सापडतं. पण मिंध्याला आपण मिंधे आहोत हे ठाऊक असतं आणि ते सलतही असतं. लळ्यात ते सलणं विरून जातं, म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकू नयेत. आणि नवऱ्याला ‘आमचे मालक’, ‘धनी’ म्हणण्याची रीत अजून जिवंत आहे. बहुतेक घरांत ते नुसतं संबोधन असतं, त्यावरून छळाचा निष्कर्ष काढू नका. मात्र समुपदेशन करताना ‘मालक रागावले’ हे वाक्य ऐकलं की कुठले मालक, शेताचे की घरचे, एवढं विचारून घ्यावं.

खर्ड्यातले बाकीचे शब्द पटकन. ‘अत्याचार’ नको. वर्तमानपत्रांनी तो शब्द इतका लैंगिक गुन्ह्यांपुरता वापरलाय की ‘माझ्यावर अत्याचार झाला’ म्हणायला मार खाल्लेली बाई कचरते. ‘छळ’ लिहा. पोलीस ठाण्यात, बातमीत तोच चालतो, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात येणारं सगळं, म्हणजे मारहाण, जबरदस्ती, शिवीगाळ, टोमणे, पैसे अडवणं, त्याच्या पोटात मावतं. ‘पीडिता’ खोडून ‘बाई’ किंवा थेट ‘तुम्ही’. आणि पुढच्या पानावर ‘मधुचंद्राचा टप्पा’ असं लिहिलंय, ते मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ साली मांडलेल्या छळाच्या चक्रातलं तिसरं पाऊल: ताण साचतो, भडका उडतो, मग गोडीगुलाबी. मधुचंद्र म्हटलं की महाबळेश्वर आठवतं. ‘मनधरणीचे दिवस’ लिहा. फक्त एक जपा, प्रत्येक घरात मनधरणी होतेच असं नाही. कित्येकदा चार दिवस हात उचलला नाही हीच मेहेरबानी असते. पत्रकात साडी-गजऱ्याचंच चित्र काढलं तर ज्या बाईला गजरा कधी आलाच नाही, तिला हे आपल्याबद्दल नाही असं वाटेल.

त्या एका वाक्याच्या जागी मग असं काही बसेल:

‘ज्याचा धाक वाटतो तोच कधी मारतो, कधी जवळ घेतो. माहेरी जाणं, शेजारी बोलणं त्याने बंद केलेलं असतं, म्हणून दुसरं कुणी उरत नाही. अशा वेळी त्याच्या एवढ्याशा चांगल्या वागण्याचाही जिवाला लळा लागतो. त्यात तुमची चूक नाही आणि तुम्हाला वेडही लागलेलं नाही. घर सोडल्यावरही काही महिने ओढ वाटते. ओढ वाटली म्हणून परत गेलंच पाहिजे असं नाही. बोलायचं असेल तर १८१ वर फोन करा.’

मूळ एका वाक्याची सात झाली. चालेल, जागा कमी पडली तर चित्र लहान करा. ‘छळ’ हा शब्द घडीच्या बाहेरच्या पानावर येऊ देऊ नका, फोनचा आकडाही आतच ठेवा. पिशवीत सापडलेल्या कागदावरून घरात काय होईल याचा भरवसा नसतो. आणि छापण्याआधी मजकूर सुरगाण्यात दोघी-तिघींना मोठ्याने वाचून दाखवा. तिकडच्या बोलीत ‘लळा’ वासरापुरता किंवा लेकरापुरताच वापरतात असं कुणी म्हणालं तर खुशाल ‘माया’ घाला. ‘लागते’ मात्र हलवू नका.